एक कागद बाहेर आहे

घरात प्रिंटर आणला की पहिला आठवडा माणूस त्याचा मालक असतो, नंतर सगळी कॉलनी मालक होते. हे शहाणपण मला विशीच्या आतच आलं. जेलरोडच्या आमच्या रो-हाउसांच्या ओळीत पहिला प्रिंटर आमच्याकडे आला. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा त्याच्याबरोबर प्रिंटर आला. बाबा नुकतेच प्रेसमधून रिटायर झाले होते. नाशिकरोडला नोटांच्या छापखान्याला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं. तिथे काय छापतात ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथे काम करणारा माणूस घरी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बाबा तर इतके गप्प असत की लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं, ते तिथे भोंगा वाजवायला जातात. रिटायर झाल्यावर भोंगा वाजला की ते खुर्चीतून अर्धे उठायचे आणि मग उगाच पाणी प्यायला आलोय असं दाखवायचे. आई म्हणायची, या माणसाला काहीतरी काम द्या नाहीतर हा माझे डबे लावत बसेल. ते काम प्रिंटरच्या रूपाने घरात आलं, आणि डबे लावलेले परवडले असते असं आईनेच नंतर कबूल केलं.

प्रेसमध्ये बाबांनी एकच धर्म पाळला होता. कागद आत गेला की बाहेर आलाच पाहिजे, चांगला आला तर चांगला, खराब आला तर खराब, पण तो दिसला पाहिजे. आणि खराब कागद म्हणजे ‘वेस्ट’, तो साक्षीदारांसमोर नष्ट केल्याशिवाय घरी जायचं नाही. सगळ्या नोकरीत आपल्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, हा त्यांचा अभिमान होता. दुसरा कुठलाच अभिमान त्यांनी कधी केला नाही, म्हणून आम्ही हा एक चालवून घ्यायचो. तर तोच धर्म त्यांनी आमच्या पुढच्या खोलीतल्या, क्रोशाच्या रुमालाखाली बसलेल्या त्या इवल्याशा प्रिंटरला लावला. कोऱ्या कागदांचं रीम गोदरेजच्या कपाटात आईच्या पैठणीशेजारी, डांबरगोळ्यांच्या वासात राहायला गेलं. किल्ली बाबांच्या करदोट्याला. खराब कागद दोन साक्षीदारांसमोर फाडायचा, म्हणजे बहुतेक आई आणि मी. आईचे हात पिठात असले तर भिंतीपलीकडून खैरनारकाकूंना हाक जायची, आणि त्या बिचाऱ्या साक्षीला यायच्या. आणि कुणीही काही छापून निघालं की बाबा दारात उभे राहून, प्रेसच्या गेटवर करतात तसे, त्याचे खिसे वरवर चाचपायचे. सोसायटीचे सेक्रेटरीही यातून सुटले नाहीत. एकदा पोस्टमनला पाणी प्यायला आत बोलावलं, तोही चाचपूनच बाहेर गेला.

आम्ही हसायचो, पण आज सांगते, बाबांचे निम्मे नियम सोन्यासारखे होते. कागदाची थप्पी आत घालण्याआधी पत्त्यांसारखी फरफरवून घ्यायची, म्हणजे दोन कागद चिकटून जात नाहीत. पाहुण्याने स्वतःचा कागद आणला तर त्यात टाचणी राहिलीय का ते बोटाने बघायचं. पावसाळ्यात कागद सर्द होतो आणि अडकतो, म्हणून आई भाकऱ्या झाल्यावर कोमट तव्यावर एकेक कागद फिरवून द्यायची. आमच्याकडच्या छापील कागदाला डांबरगोळी आणि भाकरी असा मिश्र वास असायचा. बंद करताना आधी प्रिंटरचं बटण दाबायचं, आतली गाडी जागेवर जाऊन बसली की मगच भिंतीवरचं. शाई वाळू नये म्हणून काम असो नसो, आठवड्यातून एकदा रंगीत काहीतरी काढायचंच. यासाठी बाबांनी एक पोपट निवडला होता, कारण त्याच्यात सगळे रंग होते. दर गुरुवारी पोपट छापायचा, चष्मा वर करून बघायचा आणि मग तो चाचणीचा कागद म्हणून आमच्यासमोर फाडायचा. इतका सुंदर पोपट दर गुरुवारी मरताना बघून आईला वाईट वाटे. “एक तरी भिंतीला लावू द्या,” ती म्हणायची. बाबा म्हणायचे, “आज पोपट बाहेर जाईल, उद्या काय जाईल?” आणि सगळ्यांत मोठा नियम असा की कागद अडकला तर ओढाताण करायची नाही. “माणूस असो का कागद, जिकडं चाललाय तिकडंच ओढावा. उलटा ओढला की फाटतो.”

माझ्या घरी आता बिनतारी प्रिंटर आहे. मुलगी गच्चीवर उभी राहून फोनवरून हुकूम सोडते आणि आतल्या खोलीत कागद बाहेर पडतो. तो कुणी बघत नाही, कधीकधी दोन दिवस तिथेच पडून असतो. मी मात्र अजून थप्पी फरफरवते, आणि गुरुवार आला की मला पोपट आठवतो.

बाबा कुणाकडून छपाईचे पैसे घेत नसत. छापणं म्हणजे त्यांच्या लेखी सेवा होती. पण लोक रिकाम्या हाताने थोडेच येतात? त्या वर्षी आम्ही द्राक्षं विकत घेतलीच नाहीत, निफाडकडच्या कुणाचं तरी काहीतरी छापायचं असायचंच. पहिल्या वर्षीच्या खंडेनवमीला बाबांनी पक्कड, पाना, आईचं शिलाई मशीन, स्कूटर यांची पूजा मांडली आणि ओळीत प्रिंटरलाही बसवलं. झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू लावलं, ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता वाहिल्या. अक्षता वाहायच्या म्हणजे वरून, आणि वरूनच तर कागद आत जातो. काही दाणे आतल्या रबरी रुळाशी जाऊन बसले. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा खैरनारकाकूंच्या प्रशांतचा बायोडाटा छापला आणि उजव्या कोपऱ्यात बोटभर लाल डाग घेऊन तो बाहेर आला.

या प्रशांतचं लग्न म्हणजे कॉलनीचं जुनं दुखणं होतं. मुलगा सातपूरला चांगल्या नोकरीत, स्वभावाने गाय, पण मुलगी बघायला गेला की पोह्यांची दुसरी बशी मागायचा आणि तिथेच बोलणं संपायचं. बाबांनी डाग पाहिला आणि कागद फाडायला दोन्ही हातांत धरला. काकू ओरडल्या, “अहो, थांबा! कोपऱ्याला कुंकू लावून आलाय कागद! लग्नपत्रिकेला आपण बोटानं लावतो, इथं मशीननं लावलंय. हा फाडतात होय?” बाबा म्हणाले, हा वेस्ट आहे. काकू म्हणाल्या, हा शकुन आहे. बाबांनी साक्षीसाठी आईकडे पाहिलं, तर आई हात पुसत म्हणाली, “कुंकवाचा कागद फाडताना मी उभी राहणार नाही. तुम्हीच बघा.” साक्षीदाराशिवाय बाबा काही फाडू शकत नव्हते. काकूंनी कागद हातातून काढून घेतला, कमरेला खोचला आणि मागच्या दाराने गेल्या, कारण पुढच्या दारात चाचपणी असायची. एका पंधरवड्यात प्रशांतचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी स्वतःहून दुसरी बशी पुढे केली म्हणे.

काकूंनी ही बातमी संक्रांतीच्या वाणासारखी घरोघर वाटली. मग जे सुरू झालं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. सकाळी दूधवाल्याच्या आधी कुणीतरी बायोडाटा घेऊन उभं असायचं. दुसरीकडे छान छापून आणलेला बायोडाटा लोक पुन्हा आमच्याकडे छापायचे, डागासाठी. ज्यांचं जमलं ते पेढे द्यायला यायचे, ज्यांचं जमलं नाही ते “कुंकू जरा फिकं आलं होतं” असं म्हणून दुसरी प्रत मागायचे. एका गृहस्थांनी स्कूटर विकण्याचे कागद त्यातून काढून घेतले. एक आजी तर म्हणाल्या, छापायचं काही नाही, कोरा कागद नुसता आतून फिरवून द्या, सुनेच्या उशीखाली ठेवायचाय. बाबांचे हाल मात्र बघवत नव्हते. काहींचे कागद खरोखरच बिघडायचे, ओळी तुटायच्या, पण कोपऱ्यात कुंकू असल्यामुळे ते फाडता येत नव्हते. आई म्हणे गोदावरीत सोडा. बाबा म्हणत, अख्खा कागद वाहत्या पाण्यात, उघड्यावर? त्यामुळे ते सगळे शुभ आणि बिघडलेले कागद गोदरेजच्या कपाटात जमत गेले आणि आईची पैठणी ट्रंकेत गेली. “उभा जन्म डाग पडू नये म्हणून मशीनपाशी उभा राहिलो,” बाबा एकदा जेवताना म्हणाले, “आणि आता डागासाठी रांग लागते.” त्यांचा आवाज असा काही लागला होता की आईने त्यांना न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. कुसुमआत्या, बाबांची धाकटी बहीण, सुरगाण्याकडच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायची. आठवडाभर तिकडे आणि शनिवारी संध्याकाळी भरलेल्या जीपमधून अंग चोरून बसत आमच्याकडे, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. उंच, हसरी आणि बोलायला फटकळ. तिच्याही बायोडाट्याने एके काळी बरीच गावं पाहिली होती. बाबांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात तो लिहिलेला असायचा. उंची जरा जास्त, नोकरी फार लांब, अशी उत्तरं यायची. मग ती चाळिशीकडे झुकली आणि कागद पाठवायचं कधी थांबलं ते कुणी ठरवलं नाही, नुसतं थांबलं. घरात त्यावर बोलणं नव्हतं. आमच्या पुढच्या खोलीत चाललेल्या त्या लग्नांच्या कारखान्याची ती मनसोक्त टिंगल करायची. रविवारी लाल पेन घेऊन लोकांचे बायोडाटे तपासायची. ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द कुणी धड लिहून आणला तर पाठ थोपटायची.

त्या रविवारच्या गर्दीत विंचूरचे दौलतराव असायचे. कांद्याच्या लिलावात बोली पुकारायचं त्यांचं काम, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नसे. त्यांनी “पाणी द्या” म्हटलं तरी समोरच्या ओळीतून कुणीतरी डोकवायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं, पुतण्याचा बायोडाटा छापायला पहिल्यांदा आले ते कांद्याची गोणी घेऊन. त्यानंतर ते येतच राहिले, कारण पुतण्याची उंची दर रविवारी थोडी बदलायची. आत्या म्हणायची, “दौलतराव, मागच्या रविवारी हा मुलगा बुटका होता.” ते म्हणायचे, “वाढीचं वय हाय, बाई.” मग आत्या हसायची आणि लाल पेनाने उंची दुरुस्त करायची. आम्हा सगळ्यांना हे दिसत होतं. फक्त बाबांना दिसत नव्हतं, त्यांचं लक्ष कागद मोजण्यात.

दिवाळीनंतर डाग फिका होत गेला आणि द्राक्षांचे दिवस आले तोवर कागद अगदी स्वच्छ येऊ लागला. बाबा सुखावले. रांग आटली, काकू सुतकी चेहऱ्याने फिरू लागल्या. अशाच एका रविवारी सकाळी आत्या स्वयंपाकघरात खाली बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती आणि मान वर न करता म्हणाली, “दादा, माझा एक काढशील का?”

“काय काढू?”

“सगळे काढतात तो. बायोडाटा.”

कुकरची शिट्टी झाली, पुन्हा झाली, पण आई गॅस बंद करायचं विसरून आत्याकडे बघत राहिली. बाबा गडबडले. “हो, हो, आत्ता काढू. आणि अगदी वेळेवर बोललीस, बघ. हल्ली इतका स्वच्छ कागद येतोय! एक डाग नाही.”

“स्वच्छ नको,” आत्या म्हणाली. “मला डागाचा पाहिजे.”

“अगं कुसुम, तू विज्ञान शिकवतेस.”

“शिकवते. उद्याही शिकवीन. कुंकवानं लग्न जमत नाही, हे मला तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पण दादा, अख्ख्या कॉलनीचे कागद कुंकू लावून गेले. माझाच कोरा जायचा का?”

इतके महिने जिने केलेली टिंगल ऐकून मी हसत होते, तिला हे लागत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. बाबा उठून देवघरात गेले आणि कुंकवाचा करंडा घेऊन आले. मग मला म्हणाले, “खैरनारकाकूंना हाक मार. साक्षीदार पाहिजेत.” ज्या माणसाने जन्मभर डाग पडू दिला नाही, तो आता समजून-उमजून मशीनमध्ये डाग घालणार होता, आणि तेही नियमाप्रमाणे. काकू धावत आल्या. आत्याने मला मजकूर सांगितला, वय न अडखळता सांगितलं. ‘अपेक्षा’ ही ओळ आली तेव्हा मला उठवलं आणि पुढचं तिने स्वतः एका बोटाने टाइप केलं.

“मी हे पूर्ण शुद्धीवर करतोय, लक्षात ठेवा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी चिमूट सोडली. पण त्यांचं सगळं लक्ष चिमटीकडे होतं. चिमटीबरोबर करंडाही कलंडला आणि निम्मं कुंकू आत गेलं. कागद अर्धा आत गेला आणि प्रिंटरने असा आवाज काढला की जणू जात्यात खडा आलाय. लाल दिवा लुकलुकायला लागला. आणि बाबांनी, आपल्या सगळ्या नियमांच्या बाबांनी, घाबरून भिंतीवरचं बटण बंद केलं. प्रिंटर गेला, कॉम्प्युटर गेला, आत्याचा मजकूरही गेला. नेमके तेव्हाच खांद्यावर कांद्याची गोणी घेऊन दौलतराव दारात उभे होते.

“काय झालं?” त्यांनी विचारलं, म्हणजे सगळ्या ओळीने ऐकलं.

“कागद अडकलाय,” आई म्हणाली. “वन्संचा.”

दौलतरावांनी गोणी टाकली आणि सरळ प्रिंटरपाशी आले. बाबा एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. “ओढू नका,” बाबा कुजबुजले, “जिकडं चाललाय तिकडंच घ्या.” त्या दोन थोराड माणसांनी श्वास रोखून तो कागद तसूतसूने पुढे घेतला आणि तो न फाटता बाहेर आला. वरून खालपर्यंत कुंकवाने माखलेला. वरचा निम्मा छापलेला, खालचा कोरा. बाबांनी हात पुढे करायच्या आत दौलतरावांनी तो उजेडाला धरला आणि सवयीने पुकारायला लागले. “कुमारी कुसुम! शिक्षण बीएस्सी बीएड! नोकरी कायम!” समोरच्या घराची खिडकी उघडली. वय आलं, तेही त्यांनी तितक्याच दणक्यात पुकारलं. “अपेक्षा!” आणि थांबले. कागद उलटून पाहिला. आवाज एकदम खाली आला. इतका हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “पुढं काय नाय.”

“होतं,” आत्या म्हणाली. “मशीन बंद पडलं.”

“मग तोंडानं सांगा की.”

आत्याने पदराला हात पुसले. “सुरगाण्याची शाळा सोडणार नाही. आणि रविवारी कुणी मला भाजी खुडायला बसवायचं नाही.” आई ओशाळून छताकडे बघायला लागली.

“शाळेला मी कशाला ना म्हनू? जीपा हायेत की. आन् भाजी मी खुडतो, बाजारात जल्म गेला माझा.”

“आणि त्या पुतण्याची उंची एकदाची नक्की करा.”

“त्याचं लगीन दिवाळीतच जमलं ओ,” दौलतराव म्हणाले आणि लाजून प्रिंटरकडे बघत राहिले. खैरनारकाकूंनी तोंडाला पदर लावला. आत्या हसली, मग तिचे डोळे भरून आले, आणि ती तशीच उभी राहिली, लपवायला आत गेली नाही.

दौलतरावांनी कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. “भाऊसाहेब, ह्यो मी नेतो.” बाबांचा चेहरा पांढरा पडला. “अहो, तो वेस्ट आहे. असा नेता येत नाही. दोन साक्षीदारांसमोर...” साक्षीदार दोन होते. आई आणि काकू. दोघींनी तोंडं फिरवली. दौलतराव दारापर्यंत गेले आणि तिथे बाबा रोजच्यासारखे आडवे उभे राहिले. त्यांनी दौलतरावांचे खिसे चाचपले. उजवा, डावा, मग छातीवरचा. तिथे कागद कुरकुरला, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. बाबांचा हात त्या खिशावर थांबला, चांगला थांबला. मग त्यांनी खिशावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, “काही नाही. जाऊ द्या.” आणि बाजूला झाले.

तो प्रिंटर पुन्हा कधी चालू झाला नाही. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून विचारलं, यात कुणाचं लग्न लावलं का? आत्या विंचूरला गेली, शाळा सोडली नाही, आणि तिच्या घरी पुढच्या खोलीत तो कागद दौलतरावांनी काच लावून टांगला. बाबा पुढे बरीच वर्षं होते. कुणी नोकरीचा विषय काढला की पूर्वी म्हणायचे, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. आता थोडं थांबून म्हणायचे, “एक कागद बाहेर आहे.” विंचूरला गेले की चपला काढायच्या आधी ती चौकट खाली उतरवायचे, चष्मा वर करून कागद उजेडाला धरायचे आणि आत्याला म्हणायचे, “वेस्ट आहे, कुसुम. पक्का वेस्ट आहे.” मग उपरण्याने काच पुसून, स्वतःच्या हाताने ती पुन्हा भिंतीवर सरळ लावून ठेवायचे.